परदेशी विद्यापीठांसोबतच्या संशोधनासाठी सीड ग्रँट : मराठवाड्यातून अर्ज करताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजांतून आणि विद्यापीठांतून परदेशी संशोधकांसोबत काम करण्यासाठी जाणारे प्रस्ताव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो आहे. विषय कच्चा होता म्हणून परत आलेला प्रस्ताव त्यात क्वचितच सापडतो. विषयांची आपल्याकडे वाण नाही. प्रस्ताव पडतात ते दुसऱ्याच कारणांनी. छोट्या रकमेत अफाट काम लिहिलेलं असतं, पार्टनर नावापुरता असतो, मंजूर झालेला पैसा कोणत्या खात्यात येणार हे कुणी विचारलेलं नसतं. आणि या सगळ्यांपेक्षा मला जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे, आपल्याच भागाच्या अभ्यासात आपण स्वतःला दुय्यम जागा देऊन मोकळे होतो.

वर्षभरात सगळा मराठवाडा मावत नाही

सीड ग्रँट, म्हणजे मोठ्या संशोधनाची सुरुवात करण्यासाठी मिळणारं छोटं अनुदान, बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षाची असते. देणाऱ्याला तेवढ्या काळात तीन गोष्टींचा अंदाज हवा असतो: दोन्हीकडच्या संशोधकांचं जमतं का, साधनं खरोखर हाती लागतात का, आणि यातून पुढे मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव उभा राहील का. अशा ठिकाणी ‘मराठवाड्यातील संतपरंपरेचा सामाजिक अभ्यास’ हे शीर्षक दिसलं की परीक्षक पुढचं पान उत्साहाने उलटत नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ, अंबाजोगाईचे दासोपंत आणि शिवाय महानुभाव मठ, हे सगळं एका वर्षात कोण करणार?

त्याऐवजी असं लिहा: अंबाजोगाई परिसरातल्या ठरावीक मठांत आणि घरांत कोणत्या हस्तलिखित पोथ्या आहेत, त्या कुणाच्या ताब्यात आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, याची यादी करू. नमुन्यादाखल थोड्या पोथ्यांचं डिजिटायझेशन करू. शेवटी पार्टनरसोबत दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ आणि मोठ्या प्रस्तावाचा मसुदा तयार करू. काम लहान दिसतं, पण ते होणार याची खात्री वाचणाऱ्याला पटते. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून जगभरच्या धोक्यातल्या कागदपत्रांसाठी पैसा देतो. तिथेही मोठ्या प्रकल्पाआधी छोट्या पायलट प्रकल्पाची सोय आहे, ती याच कारणासाठी.

समाजशास्त्राच्या बाजूनेही हेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर झालेलं पुनर्वसन हा भूकंपप्रवण देशांतल्या अभ्यासकांना जवळचा वाटणारा विषय आहे. पण औसा आणि उमरगा तालुक्यांतली सगळी गावं घेऊ नका. एक स्थलांतरित गाव, एक जागेवरच पुन्हा बांधलेलं गाव, दोन्हीकडच्या मोजक्या मुलाखती आणि मुलाखतीची पद्धत दोन्ही बाजूंनी मिळून ठरवणं, एवढं पहिल्या टप्प्याला पुष्कळ आहे.

परीक्षकाला मराठवाडा माहीत आहे असं धरून चालू नका

लंडनमध्ये किंवा टोकियोत बसलेल्या परीक्षकाला महाराष्ट्र म्हणजे मुंबई, फार तर पुणे. ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या इतिहासावरून तो आपल्या भागाचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज चुकतो. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली, १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. हे चार ओळींत आलंच पाहिजे. कारण त्यातूनच पुढचं कळतं: इथल्या कारभाराचे कागद फारसीत आणि उर्दूत का आहेत, त्यांतला मोठा साठा हैदराबादच्या तारनाक्याला राज्य अभिलेखागारात का आहे, आणि मुंबई-पुण्याच्या दप्तरखान्यांत बसून हा अभ्यास पुरा का होत नाही.

याच्या उलट चूकही होते. पहिली दोन पानं ‘संतांची पावन भूमी’ या गौरवात जातात. अभिमान असावा, माझाही आहे, पण परीक्षकाला त्यातून संशोधनाचा प्रश्न मिळत नाही. आपला विषय बाहेरच्या कोणत्या चर्चेशी जोडला जातो ते दाखवा. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा होता, त्यामुळे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा इतिहास आफ्रिका आणि हिंदी महासागराच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारग्रंथातलं तगर, म्हणून रोमन व्यापाराचे अभ्यासक तिकडे वळतात. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचं निधन झालं, तेव्हा शीख अध्ययनाची केंद्रं जिथे आहेत तिथे तुमचा पार्टनर असू शकतो. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय, १९७८ चा विधिमंडळाचा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, हा सगळा काळ पाहिलेली माणसं आजही भेटतात. त्यांच्या आठवणी नोंदवण्याची घाई आहे, हे प्रस्तावात स्पष्ट म्हणा. निकड हा सीड ग्रँटसाठी भक्कम युक्तिवाद असतो.

पार्टनर शोधताना आणि कामं वाटताना

‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारा एकच ईमेल वीस-पंचवीस प्राध्यापकांना पाठवणं बंद करा. एकालाच लिहा, त्याचा एखादा लेख खरोखर वाचून लिहा. तुमच्याकडे कोणतं साधन आहे आणि त्याच्या प्रश्नाला ते कुठे उपयोगी पडेल, हे दहा ओळींत सांगा. सीव्ही पहिल्या ईमेलला जोडू नका, ओआरसीआयडीची (संशोधकाच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाची) लिंक पुरे.

आता मुख्य मुद्दा. असंख्य प्रस्तावांत कामाची विभागणी अशी असते: सैद्धांतिक मांडणी परदेशी पार्टनर करणार, ‘डेटा कलेक्शन’ आपण करणार, लेखात आभार मानले जाणार. ही विभागणी अनेकदा पार्टनरने मागितलेलीही नसते, आपणच ती लिहून देतो. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर प्रस्ताव असेल, तर मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार), उचल (आगाऊ रक्कम) आणि कोयता (मजुरांची जोडी) या व्यवस्थेची समज बीड-धारूरच्या संशोधकाकडे असते. ती समज म्हणजेच विश्लेषण आहे, कच्चा माल नव्हे. म्हणून प्रश्न तयार करण्यात तुमचा वाटा काय, कोणत्या लेखाचे पहिले लेखक तुम्ही असाल, मराठीतून काय प्रकाशित होईल, हे प्रस्तावातच लिहा. समजदार पार्टनर याला आनंदाने हो म्हणतो. जो कुरकुर करतो त्याच्यासोबत काम करण्यात फारसा अर्थ नाही, हे अनुदान मिळण्याआधी कळलेलं बरं.

सामग्री कुठे राहणार हेही ठरवा. वर उल्लेख केलेल्या ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेत मूळ कागद देशाबाहेर नेता येत नाहीत आणि डिजिटल प्रत मूळ देशातही ठेवावी लागते. तुमच्या योजनेत असा नियम नसला तरी हीच अट स्वतःहून घाला. मठाचे महंत, दर्ग्याचे मुतवल्ली, देवस्थानचे विश्वस्त, घरात पोथी जपणारं कुटुंब, या सगळ्यांना प्रत मिळेल आणि काय ऑनलाइन टाकायचं याचा निर्णय त्यांना विचारून होईल, असं नमूद करा. संमतीपत्र मराठीत हवं, आणि वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवण्याची तरतूद हवी. परदेशी विद्यापीठाची आचारसंहिता (एथिक्स) समिती याबद्दल विचारतेच. आपल्या कॉलेजात अशी समिती नसेल तर विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज करा आणि त्या मंजुरीला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा.

पार्टनरचं पत्र ‘आम्हाला या प्रकल्पात रस आहे’ एवढंच असेल तर ते नसल्यासारखं आहे. पत्रात तो किती दिवस देणार, कोणती कार्यशाळा घेणार, त्याचं विद्यापीठ ग्रंथालयाचा ऑनलाइन प्रवेश किंवा कार्यालयीन जागा देणार का, हे यायला हवं. मसुदा तुम्हीच पाठवा. त्यात संकोच कसला? तिकडे ही रीतच आहे.

पैसा कोणत्या वाटेने येणार

हे काम प्रस्ताव लिहिण्याच्या आधीचं आहे, आणि नेमकं हेच शेवटी होतं. आपली बहुतेक कॉलेजं शिक्षण संस्थांच्या, म्हणजे ट्रस्ट किंवा सोसायटीच्या आहेत. परदेशी विद्यापीठाने किंवा फाउंडेशनने त्यांना दिलेला पैसा परकीय योगदान ठरतो आणि त्याला २०१० चा परकीय योगदान (नियमन) कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. संस्थेची या कायद्याखालची नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी नसेल तर तो पैसा घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. ‘एका संस्थेने घ्यायचं आणि तिघांत वाटायचं’ असं अंदाजपत्रक म्हणूनच टिकत नाही. विद्यापीठांची स्थिती वेगळी असू शकते. वित्त व लेखाधिकाऱ्यांकडून उत्तर लेखी घ्या.

नोंदणी नसेल तर वाट संपली असं नाही. पैसा पार्टनरच्या विद्यापीठाकडेच राहून तिकडचे खर्च तिथूनच व्हावेत, ही रचना चालते का, ते कॉल (अनुदानाच्या अर्जांसाठीची जाहिरात) काढणाऱ्याला विचारा. इथे कुणाला मानधन द्यायचं ठरत असेल, तर सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्याशिवाय शब्द देऊ नका. दुसरी वाट म्हणजे भारतीय पैसा. परदेशी संस्थांसोबतच्या संयुक्त संशोधनासाठीची शिक्षण मंत्रालयाची २०१८ ची स्पार्क योजना आयआयटी खरगपूरच्या समन्वयाने चालते, तर आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) परदेशी संस्थांबरोबर द्विपक्षीय कॉल काढते. यांत पात्रता नॅकच्या मूल्यांकनातली श्रेणी, एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी किंवा यूजीसीच्या १२(बी) दर्जाशी (केंद्रीय अनुदानाच्या पात्रतेशी) जोडलेली असू शकते. तुमचं कॉलेज बसत नसेल तर विद्यापीठातल्या सहकाऱ्याला मुख्य संशोधक करून तुम्ही सहसंशोधक व्हा.

अंदाजपत्रकात लॅपटॉप, कॅमेरा आणि कपाट आधी लिहिलं जातं. परीक्षकाच्या डोळ्यांत तेच खुपतं. आणि ज्याशिवाय काम होणार नाही ते राहून जातं: मोडी वाचकाचं मानधन, फारसी-उर्दूच्या जाणकाराचं मानधन, मुलाखती ऐकून लिहून काढण्याचा खर्च, हैदराबादच्या फेऱ्या, व्हिसा फी, प्रवास विमा. हे सगळं स्वतंत्र ओळींत, दर आणि दिवस लिहून मांडा. ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली मोठी रक्कम ठेवू नका. भारत सरकारच्या अनुदानाला शेवटी जीएफआर (सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा खर्चाची शीर्षकं जुळायला हवीत.

पाहुण्यांच्या व्हिसाबद्दल थोडक्यात: संशोधनासाठी येणाऱ्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका. परिषदेला परदेशी अभ्यासक बोलवायचे तर गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांची मंजुरी आयोजक संस्थेने आधी घ्यायची असते. गेस्ट हाऊसमध्ये परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत नोंद करावी लागते, हे गेस्ट हाऊसच्या कर्मचाऱ्यांनाही सांगून ठेवा.

ऐनवेळी अडलं तर

कुलसचिवांची सही अडली, ही सगळ्यात नेहमीची अडचण. फाइल आवक-जावकमधून विभाग, लेखा, मग वरती अशी फिरते. प्रस्ताव पुरा होण्याची वाट न पाहता एका पानाचा सारांश, अंदाजपत्रक आणि लागणाऱ्या पत्राचा मसुदा जोडून टिपणी आधीच फिरवा. खासगी संस्थेत प्राचार्यांची सही चालेल की सचिवांचीच लागेल, हेही कॉलमध्ये वाचून घ्या.

पोर्टल संस्थेचं नाव घेत नसेल तर बहुधा नावांचा घोळ असतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण पॅन, सोसायटीची नोंदणी आणि बँक खाते यांवर जुनं नाव असू शकतं. अर्जात नोंदणीवरचंच नाव अक्षर न बदलता द्या आणि नामबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा.

मराठी मजकूर चौकोनांत किंवा भलत्याच अक्षरांत दिसत असेल तर तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, पीडीएफ करा आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

वेळेचा घोटाळा हमखास होतो. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. न्यूयॉर्कचे पाच म्हणजे आपल्याकडे उत्तररात्रीचे अडीच किंवा साडेतीन, तारीखही पुढची. तरीही अर्ज आदल्या दिवशी भरा. गावाकडची वीज आणि नेट शेवटच्या तासाला साथ देईलच असं नाही.

पार्टनर मध्येच गप्प झाला तर आठवडाभर थांबून एक छोटा ईमेल पाठवा, ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येईल. जून ते ऑगस्टमध्ये युरोप-अमेरिकेतले प्राध्यापक सुट्टीवर किंवा फील्डवर असतात, हेही ध्यानात ठेवा.

आणि नकार आला तर परीक्षकांचे अभिप्राय मागून घ्या. सगळेच देत नाहीत, पण मागितल्यावर काही जण देतात. अभिप्रायात ‘उद्दिष्टं फार व्यापक’ असेल तर गावं आणि पोथ्या कमी करा. ‘सहकार्य स्पष्ट नाही’ असेल तर पार्टनरचं पत्र आणि कामाची विभागणी नव्याने लिहा. ‘व्यवहार्यता’ हा शब्द आला तर बहुधा परवानग्यांचा पुरावा जोडलेला नव्हता. मठाकडून, अभिलेखागाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून संमतीचं पत्र घ्या आणि पुढच्या कॉलला तोच प्रस्ताव सुधारून पाठवा. पार्टनरला नकाराची बातमी त्याच दिवशी कळवा आणि पुढच्या अर्जाची तारीखही त्याच ईमेलमध्ये सुचवा.