१ शमुवेल ८ गटात वाचायचा असेल तर

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत घरोघरी बायबल अभ्यास असतो. 'राजा' हा विषय माझ्या वाट्याला आला की आम्ही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचतो, इस्राएल लोक राजा मागतात तो. मी आधी सगळ्यांना एकेक पेन्सिल देते. शास्त्रावर रेघ ओढायला बिचकणाऱ्यांसाठी अध्यायाची झेरॉक्स.

पहिल्या तीन वचनांवरून घाईने पुढे जाऊ नका. बैर-शेबात न्यायनिवाडा करणारे शमुवेल संदेष्ट्याचे मुलगे लाच खातात, म्हणजे रामा गावी शमुवेलाकडे आलेल्या वडीलजनांची तक्रार खरीच आहे. 'लोकांचा विश्वास कमी पडला' म्हणून मोकळं होणाऱ्याला मी इथेच अडवते. खटकायला हवं ते पाचव्या वचनात: 'इतर राष्ट्रांप्रमाणे' राजा हवा. सातव्यात परमेश्वर शमुवेलाला सांगतो, त्यांनी तुला नाही, मला राजा म्हणून नाकारलंय.

राजा काय काय करील हे शमुवेल लोकांना बजावतो, ती ११ ते १७ ही वचनं मग एकाने मोठ्याने वाचायची. बाकीच्यांनी 'घेईल', 'नेईल' दिसलं की खाली रेघ. (मूळ हिब्रूत इथे एकच क्रियापद चार वेळा येतं.) मुलगे रथांसाठी, मुली सुगंधी तेलं करायला, रांधायला, भाकरी भाजायला, उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनांच्या बागा. वर धान्याचा आणि शेरडामेंढरांचा दहावा हिस्सा. दशमांश एरवी कुणाचा असतो, एवढं विचारा आणि गप्प बसा. मागच्या खेपेला कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हंजे राजा देवाच्या पाटावर बसला की!" मी त्या दिवशी माझं टिपण पुढे वाचलंच नाही.

आता १ राजे २१ उघडा आणि इथे वेळ काढा. राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला भाजीपाल्यासाठी हवाय. बदल्यात दुसरा मळा किंवा रोख पैसे द्यायला तो तयार आहे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. वतन म्हणजे काय हे आपल्याकडे समजवावं लागत नाही. फक्त लेवीय २५:२३ जोडून वाचा, 'जमीन माझी आहे'. मळ्याचा खरा धनी परमेश्वर, म्हणून नाबोथालाही तो कायमचा विकता येत नाही. अहाबाला हे ठाऊक आहे, म्हणून तर तो तोंड फिरवून, न जेवता अंथरुणावर पडून राहतो. त्याची राणी ईजबेल परक्या सीदोनी राजाची लेक. तिला प्रश्नच पडत नाही: इस्राएलावर राज्य तूच करतोस ना? 'इतर राष्ट्रांप्रमाणे' म्हणजे काय, ते या बाईच्या एका वाक्यात कळतं.

कुणी म्हणेल, मग राजा हे पापच. तसं नाही. १ शमुवेल ९:१६ मध्ये लोकांचं रडणं ऐकून परमेश्वरच शौलाला, पहिल्या राजाला, नेमायला सांगतो. 'अनुवाद' या पुस्तकाचा १७वा अध्याय राजाला परवानगी देतो, पण घोडे, बायका, सोनं वाढवू नये आणि नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी या अटींवर. पुढच्या शलमोन राजाच्या ७०० राण्या आणि १२,००० स्वार एवढे आकडे सांगितले की पुरे.

दाविदाच्या राजघराण्याला दिलेलं वचन, म्हणजे २ शमुवेल ७, याच बैठकीत कोंबू नका. पुढच्या गुरुवारी शास्ते ९, योथामाने सांगितलेली राजा शोधणाऱ्या झाडांची गोष्ट, आणि तिला मुलांनाही बसवा. जैतून, अंजीर, द्राक्षवेल वाटून द्या. काटेझुडूप व्हायला कुणी तयार नसतं, ते मी घेते.