दात आणि वाणसामान: ठाण्याहून जर्मनीला निघणाऱ्यांसाठी

व्हिसा हातात पडला की सगळे आधी जांभळी नाक्यावर मसाले घ्यायला धावतात. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तेही निघायला दीड-दोन महिने असताना. रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात, कॅप लॅबमधून यायला आणखी आठवडा जातो, आणि बसवलेली कॅप चावताना उंच लागली तर ती घासून घ्यायला पुन्हा एक खेप. हे सगळं ठाण्यातच संपलं पाहिजे. ओपीजी, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेची फाइल फोनमध्ये ठेवा. इम्प्लांट असेल तर त्याची कंपनी आणि साइज लिहिलेलं कार्ड मागून घ्या. स्क्रू सैल झाला तर जर्मनीतल्या डॉक्टरला त्याच मापाची चावी शोधावी लागते.

पोचल्यावर पब्लिक इन्शुरन्स, म्हणजे क्रांकेनकासे (थोडक्यात कासे), असेल तर तपासणीला पैसे पडत नाहीत आणि वर्षातून एकदा दातांवरचं कडक झालेलं कीटणही फुकट काढून मिळतं. पहिल्याच भेटीत बोनुसहेफ्ट, म्हणजे तपासणीच्या नोंदींची वही, मागा. दर वर्षी तपासणीची नोंद त्यात झाली पाहिजे, काही दुखत नसलं तरी. कॅप, ब्रिज, कवळी यांसाठी कासे ठरावीक रक्कम देते. ती साध्या, नेमून दिलेल्या उपचाराच्या खर्चाच्या 60 टक्के असते. सलग 5 वर्षांच्या नोंदी असल्या तर 70 आणि 10 वर्षांच्या असल्या तर 75 टक्के.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. कॅप किंवा ब्रिज करायचा ठरला की डॉक्टर हाइल उंड कॉस्टनप्लान बनवतात, म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा. हल्ली तो क्लिनिकमधून ऑनलाइनच कासेकडे जातो. मंजुरी येईपर्यंत कॅपसाठी दात तासून घ्यायला बसू नका. आधी काम करून मागून बिल पाठवलं तर कासे आपला वाटा नाकारू शकते आणि सगळा भार तुमच्यावर पडतो. ठणका लागला असेल तर तेवढ्यापुरता उपचार आणि तात्पुरतं सिमेंट लगेच करून घेता येतं, त्याला हा आराखडा लागत नाही. कॅप मात्र मंजुरीनंतरच.

त्या कागदावर दोन आकडे बघा: कासे किती देणार आणि तुमच्या खिशातून किती जाणार. समजा साध्या कॅपचा खर्च 500 युरो धरला, तर कासेचे 300. तुम्ही 1000 युरोची सिरॅमिक कॅप निवडली तरी कासेचे 300च राहतात. दातांच्या रंगाचा थर साध्या उपचारात पुढच्या मधल्या दातापासून मोजत वरच्या बाजूला पाचव्या दातापर्यंत आणि खाली चौथ्यापर्यंतच धरतात. त्यामागच्या दाढांना धातूची कॅप. आपल्या लोकांना डॉक्टरांशी पैशांचं बोलायला संकोच वाटतो आणि पुढे केलेल्या कागदावर ते सही करून मोकळे होतात. इकडे ‘साध्या उपचारात काय येतं?’ असं विचारणं अगदी रीतीचं आहे. कागद घरी आणा, कुणाकडून वाचून घ्या, हवं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर कासे साध्या उपचाराचा पूर्ण खर्च उचलते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.

‘दिवाळीला घरी जाऊ तेव्हा करू’ हा सल्ला देणारे खूप भेटतील. ऐकू नका. आज सिमेंट भरून भागणारी कीड वर्षभरात दाताच्या नसेपर्यंत पोचू शकते. इम्प्लांटला तर हाड धरायलाच काही महिने लागतात, तीन आठवड्यांच्या सुट्टीत ते बसत नाही.

दुखणं असह्य झालं तर क्लिनिकला फोन करून ‘त्सानश्मेर्त्सन’, म्हणजे दातदुखी, हा शब्द वापरा, बहुतेकदा त्याच दिवशी बोलावतात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आता वाणसामान. तूप, श्रीखंड, पेढे बॅगेत भरू नका. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आंबे आणि ताजा कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. गोडा मसाला आणि कोकम आणा.

पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे ते मिलिग्रॅम. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा, त्याची पोळी वातड होते. फोलकॉर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेल्या पिठातला कोंडा जाड, लाटताना कडा फाटतात. पोळीसाठी भारतीय दुकानातून आट्याची मोठी पिशवीच आणा. तूरडाळ आणि पोहेही तिथेच. भेंडी, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या, काबुली चणे तुर्की दुकानात. मसूरडाळ कुठल्याही सुपरमार्केटात ‘रोटे लिन्झन’ नावाने मिळते.

तुपासाठी ‘झाउअररामबुटर’ घ्या. हे विरजण लावलेल्या सायीचं लोणी, म्हणून वास घरच्या तुपाच्या जवळ जातो. 250 ग्रॅमच्या पाकिटात 82 टक्के स्निग्धांश, म्हणजे साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. बेरी तांबूस व्हायला लागली की पातेलं उचलून बाजूला ठेवा. इलेक्ट्रिक शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते आणि बेरी करपते. श्रीखंडाला पाकिटावर 40 टक्के स्निग्धांश लिहिलेलं क्वार्क, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, फडक्यात चार-पाच तास टांगा.

रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. ईस्टरला गुड फ्रायडे, रविवार आणि सोमवार असे तीन दिवस बंद असतात, मधल्या शनिवारी दुकानात झुंबड उडते. दूध आणि पाव गुरुवारीच आणून ठेवा. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं. परत करेपर्यंत ती चेपू नका, मशीनला बारकोड वाचता आला नाही तर ते बाटली घेत नाही.