नर्सिंगच्या वर्गात कोण कमी आहे, हे कसं शोधायचं

एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली प्रबंधासाठी ‘उपेक्षित विद्यार्थी’ असा विषय घेऊन येतात. माझा प्रश्न ठरलेला: कुठला गट, आणि कुणाच्या तुलनेत कमी? तुलनेला जिल्ह्याची जनगणना घ्या (२०११ची आहे, इलाज नाही). कॉलेजचे आकडे प्रवेश नोंदवहीतून, प्राचार्यांच्या लेखी परवानगीनं.

प्रवर्गाच्या रकान्यावर मात्र विसंबू नका. ‘पारधी’ अशी एकच ओळ केलीत की घोळ झालाच: फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्त जातींत. शिवाय आपल्या सोलापुरात पूर्व भागातली तेलुगू घरची, आई विड्या वळते अशी मुलगी, किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, यांची अडचण त्या रकान्यात दिसतच नाही. म्हणून प्रश्नावलीत घरची भाषा, आईवडिलांचं काम, घरातली पहिलीच बारावी पास का, हे विचारा. मुलगेही मोजा, या क्षेत्रात कमी तेच आहेत.

नैतिकता समितीची मंजुरी आधी, प्रश्नावली नंतर. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असतील तर मुलाखत दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. ‘मॅडम, सगळं छान आहे’ याशिवाय तुम्हाला काही ऐकायला मिळणार नाही. एखाद्या गटात दोन-तीनच जणी असतील तर तो आकडा वेगळा छापू नका, हॉस्टेलवर लगेच ओळखतात.

आणि बी.एस्सी.च्या एकाच बॅचची पहिल्या वर्षाची यादी तिच्या चौथ्या वर्षाच्या यादीशेजारी ठेवा. गळालेल्या नावांना कॉलेजमार्फत विचारून, तयार असतील तरच फोन करा.