पाण्याचं भांडं आणि जुना फोन: उन्हाळ्यात खिडकीतून पक्षी कसे पाहावेत

भर दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकणारा कावळा तुम्ही पाहिला असेल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातली उष्णता ते श्वासावाटे वाफ सोडून बाहेर टाकतात. काही जातींचे पक्षी तर त्यासाठी गळ्याची कातडी भराभर थरथरवतात. म्हणजे थंड राहण्यासाठी अंगातलंच पाणी खर्च करायचं, तेही पाणी मिळणं सर्वांत अवघड झालेलं असतं अशा दिवसांत. खिडकीबाहेर ठेवलेल्या ताटलीभर पाण्याला म्हणूनच फार मोल आहे.

त्या ताटलीचा घरालाही उपयोग होतो. सुट्टीत सगळे घरातच असतात, पण एक लॅपटॉपसमोर, दुसरा फोनमध्ये, आजी पंख्याखाली. आमच्याकडे या सगळ्यांना एका खिडकीशी आणलं ते पाण्याच्या भांड्याने. लागतं काय? एक पसरट भांडं, कपाटात पडून असलेला जुना फोन, एक वही आणि रोजची दहा मिनिटं. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही आधी फोन लावला आणि चित्र छान दिसेल अशा जागी, उघड्या उन्हात, भांडं ठेवलं. आठ दिवस तिथे एकही पक्षी उतरला नाही. आधी पक्ष्याची सोय, कॅमेरा नंतर.

पहिली पायरी: भांडं निवडा

खोल वाडगा नको. कडेला एक-दोन सेंटीमीटर आणि मध्ये फार तर पाच सेंटीमीटर पाणी राहील असं उथळ, पसरट भांडं घ्या. कुंडीखाली ठेवतात ती मातीची ताटली सर्वांत उत्तम. भाजलेल्या मातीतून पाणी थोडं थोडं पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. शिवाय पृष्ठभाग खरखरीत असल्याने पाय घसरत नाहीत. धातूचं भांडं उन्हात तापतं. प्लास्टिकचंच असेल तर तळाला खडे पसरा.

खडे मातीच्या ताटलीतही हवेतच. दोन-तीन खड्यांची डोकी पाण्याबाहेर राहू द्या. मधमाश्या त्यावर बसून पाणी घेतात, नाहीतर बुडून मरतात. उन्हाळ्यात त्या पिण्यापुरतंच पाणी नेत नाहीत. पोळ्यात त्याचे थेंब पसरून पंखांनी वारा घालतात आणि पोळं गार ठेवतात. पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज काहीही घालू नका. साधं पाणी.

दुसरी पायरी: जागा ठरवा

दुपारी सावली येईल अशी जागा हवी. जवळ झुडूप किंवा फांदी असेल तर पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात आणि मग खाली उतरतात. पण झुडूप अगदी खेटूनही नको. भिजलेला पक्षी चटकन उडू शकत नाही आणि दबा धरून बसलेल्या मांजराला तेवढंच पुरतं. झुडपापासून दोन-तीन मीटर अंतर ठेवा.

खिडकीच्या काचेकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. काचेत आकाश आणि झाडं दिसतात आणि पक्षी वेगाने येऊन आपटतो. भांडं एकतर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे उडताना त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, किंवा सरळ दहा मीटरपलीकडे न्या. मधलं अंतर धोक्याचं. काच मोठी असेल तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा. एखाददुसरं स्टिकर लावून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो.

इमारतीत राहत असाल तर भांडं कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा आणि तारेने पक्कं बांधा. वरून पडलेली मातीची ताटली खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

एकदा जागा ठरली की भांडं हलवू नका. पहिला पाहुणा यायला चार दिवस लागतील, कधी दोन-तीन आठवडेही. मुलं कंटाळतील. त्यांना सांगा, पक्षी आपल्याला दिसायच्या आधीपासून आपल्याकडे बघत असतो.

तिसरी पायरी: रोज पाणी बदला

या पायरीला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. घाण पाण्याचं भांडं ठेवण्यापेक्षा भांडं न ठेवलेलं बरं. एकाच ताटलीत वीस पक्षी पाणी पितात, आंघोळ करतात, शिटतात. त्यातून साल्मोनेलासारखे जिवाणू आणि पक्ष्यांच्या घशात होणारे काही रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. उरलेलं पाणी कालचंच आहे, अजून स्वच्छ दिसतंय, असं म्हणून वरून नवं ओतू नका. जुनं पाणी कुंडीत ओता, ब्रशने तळ खरवडा, धुवा आणि मग भरा. साबण नको, त्याचा थर राहतो.

डासांची काळजीही यातच मिटते. उष्ण दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी रोज फेकलं तर तो टप्पा येतच नाही.

आठवड्यातून एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून भांडं त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, वास जाईपर्यंत धुवा आणि उन्हात कोरडं करा. हे काम मोठ्यांनीच करायचं. रोजची सफाई मात्र मुलांकडे सोपवा आणि नंतर त्यांना हात साबणाने धुवायला लावा. आमच्याकडे सकाळची पाळी मुलीची, दुपारी पाणी आटलं का बघायची पाळी आजीची. पहिल्या आठवड्यात मुलीला आठवण करावी लागली. पुढे तिनेच मला ओरडायला सुरुवात केली.

एखादा पक्षी पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून भांड्याशीच बसून राहिला, जवळ गेलं तरी उडाला नाही, तर तो आजारी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी वाईट वाटलं तरी भांडं दोन आठवडे उचलून ठेवा आणि ब्लीचने स्वच्छ करा. गर्दी पांगली की लागणही ओसरते.

चौथी पायरी: जुना फोन लावा

पक्षी रोज यायला लागले की मग फोन काढा. आधी तो टेबलावर पालथा ठेवून पाहा. पाठ फुगलेली असेल, पडदा कडेने उचललेला असेल तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्ज करू नका, दाबू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

उन्हाळ्यात फोनचा खरा शत्रू उष्णता आहे. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही हवेच्या तापमानाची मर्यादा सांगितली आहे, आणि इतर फोनच्या लिथियम-आयन बॅटऱ्याही उकाड्यात लवकर थकतात. म्हणून फोन बाहेर ठेवूच नका. तो खिडकीच्या आत, सावलीत ठेवा. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, विमान मोड लावा आणि रेकॉर्डिंग चालू असताना चार्जिंग टाळा. तापल्याची सूचना आली तर बंद करून सावलीत राहू द्या. घाईने फ्रिजमध्ये ठेवलात तर आत दव धरतं आणि फोन कायमचा जाऊ शकतो.

भिंगाचा भाग काचेला जवळजवळ टेकवा, म्हणजे खोलीचं प्रतिबिंब येत नाही. मागे गडद कापड टांगलं तर आणखी चांगलं, कारण मग आपली हालचालही बाहेरून दिसत नाही. स्टँड नसेल तर दोन जाड पुस्तकांमध्ये फोन उभा अडकवा. पडद्यावर भांड्याच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्के होतात, नाहीतर हललेल्या प्रत्येक पानाबरोबर चित्र अंधुक होत राहतं.

आता काय टिपायचं? सलग तासभर व्हिडिओ घेऊ नका. आयफोनवर नव्या फॉरमॅटमध्ये १०८० पी व्हिडिओ मिनिटाला सुमारे ६० एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला साडेतीन जीबीच्या वर. ते कुणी बसून बघतही नाही. त्याऐवजी टाइमलॅप्स लावा. दर पाच सेकंदांना एक चित्र घेतलं तर तासाची ७२० चित्रं होतात आणि सेकंदाला ३० या वेगाने ती २४ सेकंदांत संपतात. कोणत्या वेळी गर्दी असते ते त्या २४ सेकंदांत कळतं. मग फक्त त्या वेळेला वीस मिनिटं फोन लावायचा.

स्लो मोशन मात्र एकदा कराच. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर एका सेकंदाची आंघोळ आठ सेकंद दिसते. पाणी पिण्याची पद्धतही निरखा. चिमणी चोचीत पाणी घेते, मान वर करते आणि पाणी घशात उतरू देते. कबूतर चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता, ओढून पितं. आमच्या आजीने सत्तर वर्षं कबुतरं पाहिली होती, पण हा फरक तिला त्या फोनवर दिसला, आणि त्या दिवशी तिने तो तुकडा सहा वेळा लावायला सांगितला.

पाचवी पायरी: कामाच्या वेळेत बसवा

घरून काम करत असाल तर डोळ्यांसाठी सांगतात तो नियम इथे जोडा: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, सुमारे सहा मीटर दूर पाहायचं. भांडं खिडकीशीच असेल तर त्यामागच्या झाडाकडे नजर लावा. मीटिंगमध्ये असताना हळूच बघण्याचा मोह होतो. त्या वेळी फोन टिपतोय म्हणून निश्चिंत राहा.

सहावी पायरी: वही ठेवा

वही खिडकीतच, पेन दोऱ्याने बांधून. तारीख, किती वाजल्यापासून किती वेळ पाहिलं, कोणता पक्षी, किती. तोच पक्षी पुन्हा पुन्हा येतो, म्हणून सगळ्या फेऱ्यांची बेरीज करू नका. एका वेळी एकत्र जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा लिहा. एकही आला नाही तर ‘शून्य’ लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे, हे मुलांना पटवायला थोडा वेळ लागतो.

नाव माहीत नसेल तर वर्णन करा: चिमणीपेक्षा मोठा, कबुतरापेक्षा लहान, शेपूट सतत हलवतो. नंतर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत अ‍ॅप उघडा. ते फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. सुचवतं एवढंच, स्वतःच्या वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय ते नाव वहीत घालू नका. नोंदी पक्क्या होऊ लागल्या की त्याच प्रयोगशाळेच्या ई-बर्डवर भरता येतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात जगभरातले हौशी लोक भर घालतात आणि संशोधक तो वापरतात. खार, फुलपाखरू, पाल यांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप आहे.

सातवी पायरी: खाली पडलेला पक्षी दिसला तर

उन्हाळ्यात हे होणारच, म्हणून आधीच घरात बोलून ठेवा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. आईबाप जवळपास असतात. मांजर, कुत्रा आत घ्या आणि लांब व्हा. पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात, हा समज चुकीचा आहे.

उन्हाने किंवा काचेवर आपटून निपचित पडलेला पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवा. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका. जवळच्या वन्यजीव बचाव पथकाचा नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वटवाघळाला उघड्या हाताने कधीच शिवू नका.

घरटं सापडलं तर फ्लॅश मारू नका, फांद्या बाजूला करू नका, पक्ष्याला बोलावण्यासाठी फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. तो प्रतिस्पर्धी आला समजून अंडी सोडून धावत येतो. आणि घरट्याचा फोटो कुणाला पाठवण्याआधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. फोटोबरोबर जागेचा पत्ताही जाऊ शकतो.

हंगाम सरला की चांगले तुकडे निवडून दुसरीकडे उतरवून घ्या, फोन साधारण निम्मा चार्ज करून बंद करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. भांडं मात्र आत आणू नका. उद्या सकाळी पाणी बदलायची पाळी कुणाची, तेवढं वहीत बघा.