कॉम्प्रेशन टेस्टची तयारी

पेट्रोल-सीएनजीवरची चार सिलिंडरची गाडी मिसिंग करतेय, चढाला दम टाकतेय, नवे प्लग आणि कॉइल टाकूनही फरक नाही. अशा वेळी हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, करून घ्या, आणि ती नीट तयारीने करा. अर्धवट तयारीने आलेल्या आकड्यावर चांगली इंजिनं उघडली जातात, याचं फार वाईट वाटतं.

सर्वात आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. सेल्फ मंद फिरला की चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवतात आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) सरकल्याचा संशय येतो. इंजिन चालवून गरम करा, मग थोडं निवू द्या. अॅल्युमिनियमच्या हेडमधून तापलेला प्लग जोरात फिरवला तर आटे जातात. प्लग सैल करण्याआधी त्याच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा. टेस्टला चारही प्लग बाहेर हवेत. ते सिलिंडरच्या क्रमानेच फडक्यावर मांडा आणि उजेडात बघा: ऑइलने ओला, काळा असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवाटे ऑइल आत येऊ न देणारं) खराब, बाकीच्यांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे कूलंट शिरत असण्याची शक्यता.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवा, सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. प्लगच्या जागी लावायचं दाब मोजणारं गेज आट्यावर बसणारं आणि प्लगच्याच मापाचं हवं. (डिझेलला हे गेज लावू नका, तिथे दाब दुपटीहून जास्त असतो.) एकाने अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, थ्रॉटल खरंच उघडलंय का, ते डोळ्यांनी बघा. पाच-सहा ठोक्यांत (पिस्टनने हवा दाबण्याच्या फेऱ्यांत) काटा थांबतो. प्रत्येक सिलिंडरला ठोके तेवढेच द्या, आणि शेवटच्या आकड्यासोबत पहिल्या ठोक्याचाही लिहा. पहिल्याला कमी आणि मग हळूहळू चढला तर बोट रिंगकडे, कमीच राहिला तर व्हॉल्व्हकडे.

नेमका दाब त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघायचा. पेट्रोलला ढोबळमानाने १२० ते २०० पीएसआय धरतात. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) बघा. आकडा प्रमाणाबाहेर जास्त आला तर पिस्टनवर कार्बन साठलेला असतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा: चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

सीएनजीवर जास्त पळालेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. हायड्रॉलिक (गॅप आपोआप राखणारे) टॅपेट नसतील तर इंजिन गार असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप आधी तपासा. काही वेळा तेवढ्या सेटिंगवर दाब परत येतो.

हेड उतरवावंच लागलं तर गॅस्केट, व्हॉल्व्ह सील आणि कंपनीने बदलायला सांगितले असतील तर नवे हेड बोल्ट आधी हातात घ्या, टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा) गॅरेजमध्ये आहे का विचारा. हेड काढताना कूलंट ऑइलमध्ये उतरण्याचा धोका असतो, म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टरही यादीत हवेत.