आकाशदर्शनाला जाताय? आधी एवढं वाचा

पहिल्यांदा कॅलेंडरमध्ये तिथी बघा, हवामान नंतर. लोक हौसेने पौर्णिमेला येतात आणि तीच सगळ्यात फालतू रात्र असते, कारण एक तर बाकीचे तारे पुसल्यासारखे होतात आणि चंद्रावर सरळ उजेड पडल्यामुळे विवरांच्या सावल्याच दिसत नाहीत, नुसती पांढरी थाळी. चंद्र बघायचा असेल तर शुद्ध पंचमी ते दशमीच्या मधली संध्याकाळ धरा, उजेड आणि अंधाराची जी रेघ असते ना चंद्रावर, तिच्या आसपास विवरं अशी उठून दिसतात की बास. तारे, तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) वगैरे हवं असेल तर अमावस्येच्या जवळचा शनिवार.

जायचं कुठे? मुंबईकरांसाठी खगोल मंडळ या हौशी संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होतात (कर्जत लोकल, बदलापूरच्या पुढे). पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही खगोलप्रेमींची संस्था आहे, १९४४ पासूनची. गोव्यात पणजीला लोकांसाठी वेधशाळा आहे. विदर्भातल्यांचं नशीब जोरावर, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (दिव्यांचा उजेड कमी ठेवून आकाश अंधारं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. तारखा आधी विचारून घ्या, पावसाळ्यात हे सगळं जवळपास बंदच असतं.

पोचल्यावर लगेच दुर्बिणीच्या रांगेत घुसू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कोणी मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून सुरू, म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि फोन खिशात ठेवा, व्हॉट्सॅप सकाळी बघता येतं. तोवर नुसत्या डोळ्यांनी बघायला भरपूर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला मृग नक्षत्र शोधा, चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मधे ओळीत तीन, तो बाण. बाणाची रेघ खाली दक्षिणेकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. उलट बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. आणि व्याधाच्या बरंच खाली दक्षिणेला एकटाच चमकतो तो अगस्त्य, तेजात दुसरा नंबर. लंडनमधल्या तुमच्या भावाला हा घरून कधीच दिसणार नाही, त्याला फोटो पाठवून जळवा.

आता दुर्बीण. रांग मोठी असते, तुमच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि त्यातले दहा सेकंद लोक नळीला धरण्यात घालवतात. नळीला हात लावायचा नाही, हलली की ग्रह गेला. हात मागे बांधा, आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) डोळा न टेकवता जवळ न्या, चित्र धूसर वाटलं तर दाखवणाऱ्याला फोकस करायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. गुरूजवळ एका रेषेत चार ठिपके दिसतात का बघा, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले तेच चंद्र, कधी कधी एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असल्यामुळे तीनच दिसतात. शनी लहानसाच दिसतो पण कडं स्पष्ट कळतं आणि तिथे प्रत्येक जण "स्टिकर लावलंय का?" विचारतोच. मृगातला तेजोमेघ मात्र फोटोतल्यासारखा गुलाबी दिसणार नाही, कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, राखाडी धुकं दिसेल. त्याच्याकडे सरळ न बघता जरा बाजूला नजर ठेवा, जास्त पसरलेला दिसतो. तो प्रकाश साधारण १३०० वर्षांपूर्वी निघालाय हे डोक्यात ठेवून बघितलं तर धुकंसुद्धा भारी वाटतं.

दाखवणाऱ्यांना प्रश्न भरपूर विचारा, फक्त साडेसातीचा उपाय विचारू नका, बिचारे दर वेळी ऐकतात.

मंकी कॅप, स्वेटर, सतरंजी, ओडोमॉस घ्या. पहाटे दव पडतं, सतरंजीखाली प्लॅस्टिक टाका. आणि घरी येऊन लगेच ऑनलाइन स्वस्तातली दुर्बीण मागवू नका, तिचा स्टँडच इतका हलतो की काही दिसत नाही. तेवढ्याच पैशात १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिमीची) घ्या, कृत्तिका तर तिच्यातूनच जास्त छान दिसतात कारण मोठ्या दुर्बिणीत त्या सगळ्या एकदम मावत नाहीत. फक्त दिवसा ती सूर्याकडे वळवायची नाही, पोरांच्या हातात देताना तर अजिबात नाही.