हरणासाठी पहिली रायफल घेताय? काडतूस निवडताना या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन सुरू होतो. त्याआधी, ऑक्टोबरपासूनच, आमच्या मराठी मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "दादा, तीनशे विन मॅग घेऊ ना?" म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नम, मोठ्या काडतुसाची रायफल. नको घेऊस. दरवर्षी हेच सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी घेतोच.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राने दुकानदाराच्या सांगण्यावरून .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली. तीही डोंगरात वागवायची हलकी, स्कोपसकट, म्हणजे वरच्या दुर्बिणीसकट, जेमतेम सात पौंडांची. त्याचं म्हणणं, "काडतूस मोठं असलं की नेम थोडा हुकला तरी चालतं." हीच मूळ चूक. रेंजवर बाकावर बसून त्याने तिसरा बार काढला आणि धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आदळली. रक्त नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं. पट्टी लावून त्याने आणखी वीस काडतुसं उडवली, का तर सवय होईल. सवय लागली ती दचकायची. मग मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस मिसळलं. त्याने चाप ओढला, बार उडाला नाही, तरी नळीचं टोक झटक्यात खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले.

सीझनमध्ये, दिवस मावळता मावळता, ऐंशी यार्डांवरच्या हरणाला त्याची गोळी पोटात लागली. बंदुका गाडीत ठेवून आम्ही टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत माग काढला. ओकच्या पानांवर रक्त आणि त्यात पोटातली हिरवट घाण, पुढे ओढा, ओढ्यापलीकडे काहीच नाही. ते हरीण मिळालं नाही. मला ते अजून सलतं. योग्य जागी बसलेली लहान गोळी हरणाला काही क्षणांत पाडते. पोटात बसलेली मोठी गोळी त्याला तासन्‌तास तडफडवते.

बार उडताना रायफल खांद्याला मागे धक्का देते. त्या धक्क्याचे आकडे पाहा. आठेक पौंडांच्या रायफलीत .२४३ विंचेस्टर साधारण ९-१० फूट-पौंडांचा धक्का देते, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ साधारण १२-१३, .३०८ सतराच्या आसपास, .३०-०६ वीसच्या, आणि .३०० मॅग्नम पंचवीसच्या वर. इथल्या व्हाइटटेल हरणाला पहिल्या तिन्ही पुरतात. ६.५×५५ हे १८९४ चं काडतूस स्कॅंडिनेव्हियात आजही मूसवर चालतं, आणि मूस म्हणजे आपल्या हरणाच्या कितीतरी पट जनावर.

नावातल्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. .३०-३०, .३०८ आणि .३०० मॅग्नम, तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच. फरक आतल्या बंदुकीच्या दारूचा: .३०८ मध्ये साधारण ४५ ग्रेन (दारू मोजायचं वजनाचं माप), मॅग्नममध्ये सत्तर किंवा जास्त.

हलकी रायफल खांद्यावर मिरवायला छान, पण तेच काडतूस आठऐवजी सहा पौंडांच्या रायफलीत घातलं की धक्का एक तृतीयांशाने वाढतो. दोन पौंड जास्त वजन घेऊन चालायची तयारी ठेवा.

मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या भोकांच्या तुकड्याने, धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज मागे-बाजूला फेकला जातो आणि शेजारच्याचे कान जातात. मला हा शॉर्टकट मुळीच पसंत नाही. जंगलात कानावर मफ नसताना तर नकोच.

घरात आधीच .३०८ असेल तर विकू नका. कमी धक्क्याची काडतुसं मिळतात. गोळी वेगळ्या जागी बसते, म्हणून स्कोप नव्याने झिरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसेल असा जुळवा.

दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) लांब पडत असेल तर आधी तो कापून घ्या, मग काडतुसाला दोष द्या.

माझी पद्धत साधी आहे. नव्या माणसाला पहिला महिनाभर .२२, म्हणजे जवळजवळ धक्का नसलेली लहान रायफल, आणि तीही उभं राहून, गुडघ्यावर बसून. मोठी रायफल हातात आली की एका दिवसात पंधराच काडतुसं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही, कारण निम्मं दचकणं आवाजाचं असतं. रोज संध्याकाळी चेंबर दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर वीस वेळा कोरा चाप. "इतका वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्याने या वर्षी शिकारीला जाऊ नये.

मित्राने ती मॅग्नम विकली आणि आठ पौंडांची ७ मिमी-०८ घेतली. दचकणं जायला पुढचा अख्खा उन्हाळा लागला. सप्टेंबरमध्ये मी पुन्हा डमी मिसळलं. चाप नुसता टक्‌ वाजला, आणि नळीवर ठेवलेलं नाणं जागचं हललं नाही.